मिलिंददादाची डिस्क

कारखान्याच्या कॉलनीत थंड खोली एकच होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. ऑफिसच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथं जुन्या पावत्यांचे गठ्ठे पडून असत, तिथं भिंतींना चुना मारून, खिडकी विटांनी बुजवून थंड हवेचं एक भलंमोठं यंत्र बसवलं होतं. त्या हवेत, निळ्या मखमली कापडाखाली, कॉम्प्युटर झोपलेला असे. झोपलेला म्हणते, कारण त्याला काम नव्हतं. सभासदांच्या उसाच्या नोंदी आणि कामगारांचे पगार करायला म्हणून सहकारी साखर कारखान्यानं तो आणला आणि त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली. उभा ऊस जनावरांच्या छावणीत चारा म्हणून गेला. धुराड्यातून धूर नाही, मळीचा तो गोडसर कुबट वास नाही, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग नाही. कॉलनी इतकी गप्प झाली होती की दुपारी कुणाकडं फोडणी पडली की चार घरांना कळे, आज काय शिजतंय. बहुतेक दिवस सगळीकडं तेच शिजे. हुलग्याचं माडगं, नाहीतर येसराची आमटी आणि भाकरी.

माणसं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. माझे वडील, अण्णा, कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. शेती तेर गावी काका बघायचे. आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांत. थंड खोलीची किल्ली अण्णांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असे आणि रात्री उशाखाली. त्या खोलीच्या दारात स्टुलावर पठाणचाचा बसत. त्यांना वॉचमन म्हणून नेमलं होतं, पण चोरापेक्षा धुळीवर त्यांचा राग जास्त. खुद्द अण्णा आले तरी ते म्हणायचे, "साब, चप्पल भार निकालो. मशीन कू धूल नक्को." आमच्या शेजारच्या घरात माझी मैत्रीण वैशाली राहायची. तिचे वडील कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस. त्यांना आम्ही लॅबकाका म्हणत असू. आणि वैशालीचा मोठा भाऊ मिलिंददादा, जो औरंगाबादला इंजिनियरिंगला होता. त्यांच्या घराण्यात कॉलेजात गेलेला तो पहिलाच. तो सुट्टीला आला की कॉलनीतली पोरं त्याच्या मागं अशी फिरायची, की त्याला अंघोळीला जायचीही चोरी.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीला मिलिंददादा आला तो एक काळी चौकोनी वस्तू घेऊन. कागदी पाकिटात घातलेली, पातळ, मधे भोक, खाली एक लांबट उघडी खिडकी. "हिला डिस्क म्हणत्यात. हिच्यात गेम आहे," तो म्हणाला. गेम म्हणजे काय हे आम्हाला पत्त्यांपर्यंत आणि लंगडीपर्यंत ठाऊक. त्यानं हातवारे करून सांगितलं: पडद्यावर ठिपक्यांचा एक माणूस असतो, तो भिंतींतून वाट काढत पळतो, वरून दगड येतात, बटणं दाबून त्याला वाचवायचं. एक भिंत ओलांडली की पुढची, मग त्याच्या पुढची. ऐकूनच आमच्यातल्या दोघांनी अंगणात दगड चुकवत पळायला सुरुवात केली आणि एकाचा गुडघा फुटला.

अण्णांनी परवानगी दिली, ती त्यांच्या पद्धतीनं. दसऱ्यानंतरच्या रविवारी, दिवसाउजेडी, गेम मशीनमध्ये उतरवायचा, पोरांना दाखवायचा, आणि सोमवारी ऑफिस उघडायच्या आत काढून टाकायचा. तोवर डिस्क ठेवायची कुठं? वैशालीच्या घरी तिची दोन धाकटी भावंडं हाताला लागेल ते फाडायची, म्हणून ती आमच्या लोखंडी कपाटात आली. देताना मिलिंददादानं अण्णांना जे सांगितलं ते मी दारामागून ऐकलं. डिस्क त्याची नव्हती. एका सीनियरनं कॉलेजच्या सरांकडून स्वतःच्या सहीवर घेतली होती आणि विश्वासानं याला दिली होती. तिथं कॉम्प्युटर मोजकेच. संध्याकाळी त्यांच्यापुढं कुणाला बसू द्यायचं हे तो सीनियर ठरवायचा. "काका, ही खराब झाली तर मला त्या खोलीच्या दारात कुणी उभं करणार न्हाय. माझ्यासाठी शब्द टाकणारं तिथं दुसरं कोण हाय?" अण्णा म्हणाले, "कपाटाला कुलूप हाय. काळजी करू नकोस."

कुलूप होतं, पण त्याची दुसरी किल्ली आईच्या कमरेला होती.

रविवार उजाडला तेव्हा मी चुलीच्या आधी उठले. खेळायच्या पाळ्या मीच लावल्या होत्या, कोण कुणाच्या आधी यावरून आठवडाभर भांडणं सोडवली होती, आणि हे काम अंगावर घेतल्याबद्दल स्वतःला पहिला नंबर दिला होता. माझा तो स्वभाव आजही गेलेला नाही. लग्नकार्यात पंगतीची जबाबदारी माझ्याकडंच येते. तर सगळी पोरं पाय धुऊन, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसून, थंड खोलीच्या दारात रांगेनं उभी. पठाणचाचांनी एकेकाचे तळवे तपासले. आत गेल्यावर पहिल्यांदा आम्ही फक्त गारवा खाल्ला. उन्हाळ्यापेक्षा वाईट तो ऑक्टोबर, अंगावर घामोळं, आणि त्यात ही हवा. वैशाली डोळे मिटून म्हणाली, "गेम नसला तरी चालंल, मला हितंच बसू द्या."

मिलिंददादानं मखमल काढली, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. त्यानं डिस्क खाचेत सरकवली, खटका खाली केला, काहीतरी टाइप केलं. लाल दिवा लागला. आतून आवाज आला: करर्र, करर्र, टक्. मग परत करर्र. आम्ही श्वास धरलेले. आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. मिलिंददादानं ती मराठीत सांगितली. "वाचता येत न्हाय म्हणतंय. विचारतंय, सोडून देऊ, पुन्हा करू, का दुर्लक्ष करू?"

अण्णा मागं हात बांधून उभे होते. असल्या प्रश्नांत त्यांची हयात गेलेली. "पुन्हा करायला सांग," ते म्हणाले. "पहिल्या अर्जाला कुठं काम होतंय?"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. दहाएक वेळा झाल्यावर अण्णांचाही सरकारी धीर संपला. मग सुरू झाल्या सूचना. पठाणचाचा म्हणाले, वरून एक थाप मारा, त्यांच्या घरचा रेडिओ तसाच चालतो. कुणी म्हणालं डिस्क उलटी घाला. ती उलटी घातली. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. तर व्होल्टेज खरंच कमी होतं, पण स्टॅबिलायझरचा काटा जागेवर होता. एक पोरगं म्हणालं, मशीनला भूक लागली असंल. मिलिंददादा मात्र एका जागी बसून एकेक शक्यता खोडत होता. पगाराची डिस्क घातली, ती लगेच वाचली गेली. म्हणजे मशीन बरं आहे. दुखणं डिस्कचं. घरातलं काहीही बंद पडलं की मी आजही आधी हेच करते: जे चालतंय ते बाजूला काढायचं, उरतं त्यात बिघाड. ही पद्धत मला कुठल्याही शाळेनं शिकवली नाही, ती मी त्या खुर्चीमागं उभी राहून, गारठलेल्या पायांनी शिकले.

"औरंगाबादहून निघताना चालत होती. मी स्वतः बघितली," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. उद्या सकाळची त्याची एसटी होती.

तो डिस्क घेऊन व्हरांड्यात उन्हाकडं आला. ट्यूबलाइटमध्ये काही दिसलं नव्हतं. इथं त्यानं ती तिरकी धरली, मधल्या भोकात बोट घालून आतली चकती हळूच फिरवली, आणि मला डिस्कच्या खिडकीच्या कडेला काहीतरी दिसलं. एक पुसट रंगाचा फराटा, कडेला पिवळा, आत तांबूस. आमच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर अगदी तसलाच डाग होता. वैशालीनं डिस्क हातात घेऊन कानाशी हलवली. "आत कायतरी वाजतंय." उलटी करून थापटली, तर खिडकीतून तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवात भिजून वाळलेला, लालबुंद.

सगळे त्या दाण्याकडं बघत राहिले. मग वैशालीला हसू फुटलं, असं की ती भिंत धरून खाली बसली.

मी घरी पळत सुटले. आई ओट्यावर सुपात ज्वारी पाखडत होती.

"आई, खंडेनवमीला पाटावर काय काय मांडलं हुतंस?"

"दरसालचंच. विळी, विळा, कातर, तुझ्या अण्णाचं पेन, तुमची पुस्तकं." सूप थांबलं नाही. "आन मिलिंदचं ते काळं पुस्तक."

"ते पुस्तक न्हाय!"

"शिकायचंच हाय न्हवं त्याचं? घरातल्या समद्या हत्यारांची पूजा करायची आन परक्याच्या लेकराचं तेवढं कपाटात अंधारात ठिवायचं? बरं दिसतंय व्हय ते? चांगली हळद लावली, वल्लं कुंकू लावलं, अक्षता वाह्यल्या. त्याला ती बारकी खिडकी हाय बघ, तिथंच लावलं, म्हनलं तिथून आत जाईल."

आत गेलंच होतं. दसऱ्याला पाट उचलल्यावर तिनं बाकीच्या वस्तूंबरोबर डिस्कही ओल्या फडक्यानं लख्ख पुसून जागच्या जागी ठेवली होती. म्हणून वरून कुणाला काही दिसलं नाही. गंमत अशी, की कारखान्यातल्या पूजेला अण्णांनी केवढी खबरदारी घेतली होती. मशीनला काही लावायचं नाही असं इंजिनियरनं बजावलेलं, म्हणून त्यांनी हळदकुंकू नुसतं दाराच्या चौकटीला लावलं होतं आणि वर पठाणचाचांना सांगितलं होतं, नजर ठेवा.

तेवढ्यात मिलिंददादा आणि मागोमाग सगळी वरात आमच्या अंगणात आली. आईनं त्याचा चेहरा बघितला आणि सूप खाली ठेवलं. काय झालं ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, अजिबात आवाज न चढवता. आई उभी राहिली, परत बसली. "लेकराचं वाटुळं केलं म्या," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला.

मिलिंददादा तिच्यासमोर उकिडवा बसला. "काकू, आमच्या घरी पूजा नसती. माझ्या कुठल्याच वस्तूला आजवर कुणी कुंकू लावलं न्हवतं. पहिल्यांदा लागलं ते बी एकदम आतून." एवढं बोलून त्याला स्वतःलाच हसायला आलं. आई पदराआडून रडत होती ती त्याच पदराआड हसायला लागली, आणि मग कॉलनीतली ती सगळी पोरं, ज्यांना नेमकं काय चाललंय हे कळलेलंही नव्हतं, तीही हसत सुटली.

हसून झाल्यावर तो म्हणाला, की ही धुता येते. त्यांच्या हॉस्टेलात एकानं डिस्कवर चहा सांडला होता. तेव्हा वरचं काळं पाकीट कापून आतली चकती काढली, धुतली, वाळवली आणि दुसऱ्या पाकिटात घातली. जुनं पाकीट परत चालत नाही, कारण त्याच्या आतल्या अस्तरातही घाण बसलेली असते. म्हणजे दुसरं पाकीट हवं. आणि ते जिल्ह्यात कुठं मिळणार? उस्मानाबादला विचारलं असतं तर दुकानदारानं लग्नपत्रिकेचं पाकीट दिलं असतं.

"ऑफिसात एक खराब डिस्क पडली हाय," अण्णा म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला. पोरांनी त्यांना जवळजवळ उचलूनच ऑफिसात नेलं. टेबलाच्या खणात ती डिस्क होती. बसवायला आलेल्या इंजिनियरनंच ती बाद ठरवली होती. पण अण्णांनी हात आडवा धरला. "ही डेड स्टॉकला हाय. निर्लेखन होऊन वहीतनं नाव कमी झाल्याबिगर तिला कातर लावता येत न्हाय."

"निर्लेखन कधी व्हतं, काका?"

"वार्षिक सभेत."

"सभा कधी?"

"गाळप हंगाम झाल्यावर."

सगळ्यांनी खिडकीतून धुराड्याकडं बघितलं. त्याच्या तोंडाशी दोन पारवे निवांत बसले होते.

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. आयुष्यभर त्यांनी कारखान्याची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. आम्हाला शाळेच्या वहीला टाचणी लागली तर ते बाजारातून आणत. त्यांनी एकदा त्या खणाकडं बघितलं. मग खण तसाच उघडा ठेवून म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो. पठाण, चला."

"साब, मैं अब्बीच पिया."

"परत प्या."

दोघं कँटीनकडं चालायला लागले. अण्णांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि चहाला त्या दिवशी त्यांना लागला तेवढा वेळ पुढं कधी लागला नाही. परत आले तेव्हा खणात एक चकती होती, पाकिटाविना, आणि त्यांनी खण लावून टाकला.

धुण्याचा कार्यक्रम आमच्या स्वयंपाकघरात झाला. तिथं प्रश्न पाण्याचा होता. बोअरचं पाणी इतकं खारं, की भांडं वाळलं की त्यावर पांढरा थर उभा राही. टँकरचं गढूळ. गोडं पाणी फक्त एका लांबच्या विहिरीचं; ते अण्णा सायकलला कॅन बांधून आणत आणि ते तांब्याच्या हंड्यात, वर दुहेरी फडकं बांधून, ठेवलेलं असे. त्या हंड्यात ओगराळं बुडवायचा हक्क फक्त आईचा. पाहुण्यालासुद्धा ती पेला अर्धा भरून देई आणि अजून हवं का असं विचारत नसे. त्या दुपारी तिनं हंड्याचं फडकं सोडलं आणि पितळी परातीत ओगराळ्यामागून ओगराळं ओतत राहिली. "काकू, बास," मिलिंददादा म्हणाला. "गप बस," आई म्हणाली, "नीट धू."

त्यानं ब्लेडनं काळ्या पाकिटाची वरची कड कापली आणि आतली चकती दोन बोटांत धरून बाहेर काढली. तपकिरी, गुळगुळीत, पापडासारखी लवचिक. एवढ्याशा पापडात भिंती, दगड आणि पळणारा माणूस मावतो, यावर आमचा विश्वास बसेना. तिच्यावर पिवळ्या रंगाचं एक अर्धवर्तुळ उमटलेलं होतं. मिलिंददादानं बोटाला थोडा साबण घेऊन ते हलकेच चोळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत पिवळं होतं ते रक्तासारखं लाल झालं.

पोरं किंचाळली. एकजण मागं सरकताना पिठाच्या डब्यावर बसला. मिलिंददादानं हात पाण्यातून काढून घेतला, जणू चकतीला खरंच लागलंय.

"आरं, हळद हाय ती!" आई ओरडली. "साबण लागला की लाल व्हतीच. लग्नातली लुगडी कधी धुतली न्हाईत व्हय कुणी?"

तेवढ्यात वैशालीनं बोलावून आणलेले लॅबकाका दारात उभे राहिले, एका हातात स्पिरिटची बाटली, दुसऱ्यात कापूस. आत पाठमोरी गर्दी, जमिनीवर पीठ, परातीत लाल पाणी, आणि त्यांचा इंजिनियर मुलगा हात वर करून बसलेला. "कुणाचं बाळंतपण?" त्यांनी विचारलं. यावर आईला जे हसू लोटलं, ते तिला आवरेना. ती हंड्याला टेकली आणि डोळे पुसत राहिली. त्या दुष्काळात मोठ्या माणसांच्या हसण्याचे आवाज आमचे कान विसरले होते. त्यामुळं मला तो आवाज फार ओळखीचा वाटला आणि फार नवाही.

स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर लाल निघालं. एका जागी मात्र नखभर सावली राहिली. जास्त घासलं तर वरचा थर जाईल म्हणून मिलिंददादानं हात आवरला. आईनं एक जुनं, धुऊन धुऊन साय झालेलं लुगडं फाडून दिलं. त्यावर चकती ठेवली आणि पोरांना ताकीद दिली की श्वाससुद्धा पलीकडं तोंड करून घ्यायचा. परातीतलं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी गेलं. वाळेपर्यंत आईनं सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी लावून भाकरीचा एकेक तुकडा दिला, आणि तो आम्ही खरोखरच भिंतीकडं तोंड करून खाल्ला.

ऊन कलायच्या आत आम्ही परत थंड खोलीत होतो. सकाळच्या उद्योगानं मशीनच्या आतही हळद गेलेली असणार, म्हणून आधी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून ते पुसून घेतलं. पगाराची डिस्क घालून बघितली, चालली. पठाणचाचांनी "या अल्ला" म्हणून सुस्कारा सोडला. मग नव्या पाकिटातली जुनी डिस्क आत गेली. खटका. लाल दिवा. करर्र.

आणि ओळी सरकायला लागल्या. एकाखाली एक, हिरव्या, भराभर. पोरांनी उड्या मारल्या तर मिलिंददादानं न वळता हात वर केला. तो ओठ हलवत मोजत होता. जवळजवळ शेवटाला येऊन मशीन अडकलं. टक्. टक्. तीच ओळ: सोडून देऊ, पुन्हा करू, का दुर्लक्ष करू? पुन्हा केलं. नाही. परत केलं. नाही. ती नखभर सावली आता सगळ्यांना आठवली. सोडून दिलं तर सगळंच गेलं. विजेचा भरवसा नव्हता. मिलिंददादानं मागं बघितलं, अण्णांकडं.

ऑफिसात आलेला एकही कागद उत्तराशिवाय न ठेवणारे माझे वडील पडद्याकडं बघत म्हणाले, "आता दुर्लक्ष कर."

त्यानं एक बटण दाबलं. मशीननं क्षणभर विचार केला आणि ती जागा ओलांडून उरलेल्या ओळी पुढं सरकवल्या. मग पडदा काळा झाला, मग पिर्रर्र असा एक चिरका सूर वाजला, आणि खालच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा एक माणूस येऊन उभा राहिला.

त्या खोलीत मग जो आरडाओरडा झाला त्याचं वर्णन मला जमणार नाही. पठाणचाचा स्टूल सोडून आत आले, चपला घालून. पहिला नंबर माझा होता, पण मी धावत जाऊन आईला ओढून आणलं. ती पदर खांद्याभोवती घट्ट लपेटून, "किती गार गं बाई," म्हणत खुर्चीत टेकली. मिलिंददादानं तिचं बोट बटणावर ठेवलं. माणूस पळाला, आई "आरं सरक, सरक की मुडद्या" म्हणाली, आणि पहिलाच दगड त्याच्या डोक्यात पडला. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मेला व्हय गं?" पण तो परत उभा राहिला, आणि हे तिला इतकं आवडलं की तिला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागली. पाळ्यांचा माझा सगळा बंदोबस्त तिथंच कोलमडला.

शेवटी मिलिंददादा खेळायला बसला. तो खरंच तरबेज होता. एक भिंत, दुसरी, चौथी, सहावी. सातव्या भिंतीच्या दाराशी माणूस पोचला, सूर वाजायला लागला आणि मधेच तुटला. पडदा थिजला. कुठलंच बटण चालेना. मशीन बंद करून परत सुरू केलं, तो परत सातव्यापर्यंत गेला, परत तिथंच. ज्या जागेकडं आम्ही दुर्लक्ष केलं होतं, ती ही होती.

ठरल्याप्रमाणं मिलिंददादानं गेम मशीनमधून पुसून टाकला. सोमवारी सकाळी तो औरंगाबादच्या एसटीत बसला तेव्हा डिस्क वहीत घालून छातीशी धरली होती. आईनं त्याला धपाटे बांधून दिले. "खरं काय ते सांगून टाक," अण्णा खिडकीशी म्हणाले, "आणि माझं नाव सांग. वाटल्यास मी येतो." त्यानं मान हलवली. नंतर दिवाळीपर्यंत काहीच कळलं नाही. वैशालीच्या घरी फोन नव्हता, आमच्याही नव्हता. आई रोज संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन वैशालीच्या आईला विचारायची, काय कळलं का, आणि वैशालीची आई म्हणायची, अजून न्हाय.

दिवाळीला तो आला तो येताना तेरखेड्याला उतरून फटाक्यांची पिशवी घेऊनच. घरी न जाता आधी आमच्या ओट्यावर. आई चकल्या तळत होती. तिनं कढई उतरवली आणि झारा हातात घेऊनच बाहेर आली. अण्णा उभेच राहिले.

"सीनियरनं माझ्यासमोरच डिस्क मशीनमध्ये घातली," मिलिंददादा म्हणाला. "मला दरदरून घाम. तो खेळायला लागला. तिसऱ्या भिंतीपाशी मेला. परत खेळला, परत तिसऱ्याच भिंतीपाशी. मग म्हणाला, ठीक हाय, कपाटात ठेव."

"मग? गप बसलास?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय काका. सांगितलं. पाटापासून परातीपर्यंत समदं सांगितलं. सातव्या भिंतीला बंद पडती म्हणालो."

"मग काय म्हनला त्यो?" आईनं झारा छातीशी धरला होता, तेल तिच्या पदरावर ठिबकत होतं.

"माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, तू सातव्या भिंतीपर्यंत गेलास? कसा? उद्यापासून रोज संध्याकाळी यायचं आणि मला शिकवायचं. सरांना पण त्यानंच सांगितलं. आता माझी खुर्ची ठरलेली हाय तिथं, खिडकीजवळची."

आई मटकन पायरीवर बसली. जरा वेळानं उठून तिनं गरम चकल्यांची ताटली आणून त्याच्या मांडीवर ठेवली. "बरं बाबा," ती म्हणाली. "पुढल्या खंडेनवमीला हात म्हणून लावायची न्हाय. लांबनंच नुसती उदबत्ती दावीन."

मिलिंददादानं अर्धी चकली तोंडात तशीच धरून दोन्ही हात जोडले. "काकू, राख उडती."